पेटी आधी, होडी नंतर

मोटार रस्त्यात बंद पडली की माणूस खाली उतरतो, बॉनेट उघडतो आणि काही कळत नसलं तरी आत बघत उभा राहतो. पाच मिनिटांत दोन-तीन जाणकार जमतात, त्यातला एखादा स्कूटर थांबवून आलेला असतो. होडीत ही सोय नाही. भाट्याच्या खाडीत इंजिन बंद पडलं तर उतरायला जागा नसते, आणि जमतात ते बगळे.

तेव्हा होडीत हत्यारांची पेटी हवी, इथपर्यंत माझं आणि मेहुण्याचं एकमत होतं. होडी आमच्या दोघांच्या भागीतली: फायबरची, 16 फुटी, मागे 9.9 अश्वशक्तीचं जपानी टू-स्ट्रोक इंजिन. पेटी मात्र त्याची एकट्याची. मेहुणा बँकेतून निवृत्त झालाय. जोखीम हा त्याचा आयुष्यभराचा विषय आणि होडीत बसल्यावर तर त्याला दुसरा विषयच सुचत नाही. होडी ठरायच्या आधी त्यानं पेटी आणली होती.

पेटी लोखंडी होती, तीन कप्प्यांची, दोन्ही बाजूंना चापाच्या कड्या. खाऱ्या वाऱ्यानं पहिल्या पावसाळ्याचीही वाट बघितली नाही. कड्या अशा गंजल्या, की पेटी उघडायला पेचकस लागायचा आणि पेचकस पेटीत होता. आमचं इंजिन बघणारे राजिवड्याचे चाचा तिला हातोडीचे दोन ठोके घालत म्हणाले, "साहेब, डिस्टेंपरची रिकामी बालदी घ्या, झाकणाची. गंजायची नाही, पाण्यात पडली तर तरंगेल, आणि होडीत पाणी आलं तर हत्यारं ओतून तिनंच उपसा." मेहुण्याला हा अपमान वाटला. आता बालदीही आहे आणि पेटीही आहे.

आत काय काय आहे हे सांगण्यापेक्षा काय नाही ते सांगणं सोपं. चकचकीत पान्यांचा जो संच त्यानं आणला, त्यातले निम्मे पाने इंचाचे. जपानी इंजिनाचे नटबोल्ट मिलिमीटरमध्ये. आमचं बहुतेक काम 10, 12 आणि 14 नंबरवर भागतं. इंचवाले घरी ठेव म्हटलं तर म्हणाला, "भावोजी, उद्या कुणी अमेरिकन इंजिनवाला अडकलेला भेटला तर?" भाट्याच्या खाडीत! बरं, अमेरिकेचा आणि आमचा संबंध एवढाच, की होडीच्या मागे लटकवायचं हे इंजिन लोकप्रिय केलं ते विस्कॉन्सिनच्या ओल एव्हिनरूडनं, 1909 च्या सुमारास. वाग्दत्त वधूसाठी आइस्क्रीम आणायला त्याला भर उन्हात तळ्यात वल्ही मारावी लागली, आइस्क्रीम वाटेत वितळलं आणि त्या वैतागातून इंजिन जन्माला आलं, अशी कथा सांगतात. म्हणजे या यंत्राचा उगमच सासुरवाडीच्या धाकात आहे. माझ्याकडे ते मेहुण्यासकट आलं, हे रीतसरच झालं.

पेटीत 10 नंबरचा पाना आता नाही. तो खाडीच्या तळाशी आहे. होडीतलं हत्यार मोडत नाही, बोथट होत नाही, ते बुडतं. चाचा प्रत्येक पान्याला हातभर सुतळी बांधतात आणि दुसरं टोक मनगटाला. मेहुण्यानं यावर शास्त्रीय उपाय काढला: दोरीला बांधलेलं मोठं लोहचुंबक. पडलेली वस्तू वर ओढायची. पान्यापुरतं ठीक, पण पंख्याचा नट पितळेचा नाहीतर स्टेनलेसचा असतो आणि चुंबक त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. चुंबकानं आतापर्यंत एकच गोष्ट घट्ट पकडली आहे, ती म्हणजे पेटी.

पेटीतली सर्वांत मोलाची वस्तू बोटाच्या पेराएवढी आहे आणि मुद्दाम कमकुवत केलेली आहे. छोट्या, जुन्या धाटणीच्या इंजिनांत पंखा आणि त्याचा दांडा यांना जोडणारी एक मऊ धातूची पिन असते. पंखा वाळूच्या दांड्यावर किंवा खडकावर आपटला की ही पिन तुटते आणि आतले गिअर वाचतात. खाडीच्या मुखाशी इतका गाळ आहे, की ओहोटीला या पिनेला कामाची कमी नाही. अशा पाच-सहा पिना, पंख्याचा जादा नट आणि नटाच्या भोकातली वाकवायची पिन, एवढं एका औषधाच्या डबीत ठेवलं की निम्मी पेटी झाली. मेहुण्याला मात्र तुटायसाठीच केलेली वस्तू विकत घेणं पटत नाही. तो पोलादी खिळा कापून घालणार होता. चाचा म्हणाले, "घाला की. पिन स्वस्त, गिअर महाग. माझं पोट कशावर चालतं?" तेव्हा कुठे त्यानं खिळा खाली ठेवला.

बाकी मग प्लगपाना आणि दोन नवे प्लग (टू-स्ट्रोकमध्ये लिटरला 20 मिली ऑइल टाकायचं, हात सैल सुटला की प्लग काजळलाच), पॉलिश पेपर, पक्कड, चाकू, बाइंडिंग वायर, सुरू करायच्या दोरीला जोड, इंजिन बंद करणाऱ्या लाल दोरीची जादा क्लिप. पाने इंजिन ऑइलमध्ये भिजवलेल्या जुन्या लुंगीत गुंडाळलेले. एवढं बालदीत मावतं आणि वर जागा उरते.

स्टोव्हच्या पिना मात्र पेटीत आहेत. त्या सासूबाईंमुळे आल्या. त्यांना काजळी नदीतून सोमेश्वरला दर्शनाला नेत होतो. चालू इंजिनाच्या मागून पाण्याची एक बारीक धार पडत असते. खालून ओढलेलं पाणी इंजिन थंड करून निघाल्याची ती खूण. चाचा होडीवर पाय ठेवला की आधी तिचीच चौकशी करतात, म्हाताऱ्या पेशंटला डॉक्टर करतो तशी. त्या दिवशी धार थांबली. मी इंजिन बंद केलं. मेहुण्यानं पेटी उघडली. पाने निघाले, कानस निघाली, करवतीची पाती निघाली, चुंबक निघालं आणि त्याच्याबरोबर तिन्ही गोष्टी पुन्हा निघाल्या. सासूबाई पाच मिनिटं बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, "पाणी येतं कुठून?" मी तोटीचं बारीक भोक दाखवलं. त्यांनी बटव्यातून सेफ्टीपिनांचा गुच्छ काढला आणि त्यात अडकवलेली स्टोव्हच्या पिनेची पत्र्याची पट्टी सोडवली. घरातून स्टोव्ह जाऊन जमाना झाला, पण पिन बटव्यातून गेली नव्हती. "अरे, पिन मार त्याला," त्या लेकाला म्हणाल्या. दोन खेपांत वाळूचा खडा निघाला, इंजिन सुरू केलं, धार आली. मेहुण्यानं दुसऱ्या दिवशी पिनांचं अख्खं पाकीट आणलं आणि पेटीत त्यांना स्वतंत्र कप्पा दिला.

एवढं सामान झाल्यावर चाचांनी एकदा सहज विचारलं, "वल्ही कुठायत?"

"जागा होईना," मेहुणा म्हणाला. "घरी ठेवली."

चाचांनी आधी पेटीकडे बघितलं, मग मेहुण्याकडे, दोघांचं वजन जोखल्यासारखं. आता वल्ही होडीत असतात. पण मध्येच दांडा मोडला तर, हा प्रश्न मेहुण्याला त्याच रात्री पडला आणि पेटीत खिळे, सुतळीचा गुंडा, एम-सील आणि एक रंधा आला. रंधा मी उतरवला.

"भावोजी," तो म्हणाला, "मग निदान दुसरी कानस तरी राहू द्या."