दीड मिलिमीटरची पाल

जगातल्या प्रत्येक वस्तूला सत्याऐंशीने भागायची सवय लागली की माणूस संसाराच्या कामाचा राहत नाही. सुतार दाराचं माप सांगत असतो, सात फूट, आणि इकडे आमच्या डोक्यात उत्तर तयार असतं: साडेचोवीस मिलिमीटर. सहा फुटी माणूस समोर उभा राहिला तर तो आम्हाला एकवीस मिलिमीटरचा दिसतो, मग तो सोसायटीचा चेअरमन का असेना. छोट्या रेल्वेच्या जगात १:८७ या प्रमाणाला एचओ म्हणतात. घरचे लोक त्याला वेगळं काहीतरी म्हणतात, ते इथे लिहीत नाही.

माझी लाइन बार्शी लाइटच्या वळणाची आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरची ही अडीच फुटी लाइन १८९७ मध्ये सुरू झाली, पुढे पंढरपूर, लातूर, मिरज अशी पसरली आणि पिढ्यान्‌पिढ्या वारकऱ्यांना विठोबाच्या पायाशी नेऊन सोडत राहिली. आता तिथे ब्रॉडगेज आहे. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. भागिले ८७ केलं की पावणेनऊच्या आसपास उत्तर येतं. बाजारात रूळ मिळतात ते नऊ मिलिमीटरचे. हा पाव मिलिमीटरचा फरक माझ्या चष्म्याने केव्हाच पोटात घातला आहे.

रूळ झाले, स्टेशन झालं, तिकिटाची खिडकी झाली, पाण्याचा रांजणही झाला. राहिले बाहेरचे दिवे. भिंतीतून निघून पुढे वाकलेली नळी आणि तिच्या टोकाला इनॅमलची टोपी, आतून पांढरी, बाहेरून हिरवी. असे दिवे तयार मिळतात. पण परदेशातून येणाऱ्या त्या एका दिव्याच्या पैशांत खऱ्या व्हरांड्यात दिवा, होल्डर आणि वायरमनची मजुरी भागते, वर त्याचा चहा होतो. मराठी माणसाला असा हिशेब दिसला की तो वस्तू घेत नाही, ती घरी करायला घेतो.

सुरुवात टोपीपासून. खरी टोपी दीड फूट व्यासाची धरली तर आपल्याला हवी सव्वापाच मिलिमीटरची. आधी आईचा शिवणाचा डबा उघडला. टिच बटणाचा अर्धा भाग मापाला बरा होता, पण तो दिसतो टिच बटणासारखाच. मग कळलं की माळा ओवणारे मण्यांच्या दोन्ही बाजूंना पितळी टोप्या लावतात आणि त्या तुळशीबागेत मिळतात.

तुळशीबागेत पुरुषाने एकट्याने जाऊ नये. गेलाच तर खिशातून व्हर्निअर कॅलिपर काढू नये. मी टोपी चिमटीत धरून माप घेत होतो आणि आजूबाजूच्या बायका खरेदी थांबवून बघत होत्या.

“काका, कानातल्यांसाठी हव्यात का गळ्यातल्यासाठी?” दुकानातल्या ताईंनी विचारलं.

“स्टेशनसाठी.”

“पुणे स्टेशन?”

“नाही, नॅरोगेज.”

ताईंनी पुढे काही विचारलं नाही. अख्खं पाकीट दिलं, पैसे घेतले आणि सुट्टे मोजताना माझ्याकडे अशा मायेने पाहिलं की मी घासाघीस न करता निघालो.

दुसरी पायरी नळीची. इंजेक्शनची २६ गेजची सुई बाहेरून साधारण ०.४६ मिलिमीटरची असते. सत्याऐंशीने गुणा, चाळीस मिलिमीटरचा पाइप झाला. अगदी सरकारी कामाला शोभेल असा. औषधाच्या दुकानात मात्र हे गणित चालत नाही.

“पेशंट कोण आहे?”

“पेशंट नाही. दिव्याला लावायचीय.”

माणसाने खरं बोलावं असं लहानपणी शिकवतात, ते औषधाच्या दुकानाबाहेर.

सुई हळूहळू वाकवली तर वाकते, घाई केली की टचकन मोडते. हिची खरी गंमत अशी की ती पोकळ आहे आणि धातूची आहे. म्हणजे विजेची एक बाजू सुईच सांभाळते, दुसऱ्या बाजूची तार तिच्या पोटातून जाते. त्यासाठी इनॅमल चढवलेली तांब्याची तार लागते, ०.१ मिलिमीटरची. ती भंगारातल्या रिलेच्या कॉइलमध्ये फुकट बसलेली असते. उलगडत बसायची तयारी हवी. टोकाचं इनॅमल खरवडल्याशिवाय सोल्डर धरत नाही आणि खरवडताना तार तुटते. तुटली की पुन्हा खरवडायची. अध्यात्माला यापेक्षा वेगळं काय लागतं?

आता खुद्द दिवा. ०४०२ मापाचा एलईडी म्हणजे एक मिलिमीटर लांब, अर्धा मिलिमीटर रुंद. त्याला धन आणि ऋण अशा दोन बाजू असतात, हे कारखान्याला माहीत असतं. आपण भिंगातून पाहायचं, चिमट्यात धरायचं आणि श्वास रोखायचा. शिंकायचं नाही. चिमटा जरा जास्त दाबला गेला की एलईडी टुणकन उडतो आणि फरशीवर पडतो. आमच्या घरात जुनी मोझॅइकची फरशी आहे. तिच्यावर पांढरे-पिवळे ठिपके आधीपासूनच हजारोंनी आहेत.

हे सगळं जुळून दिवा तयार झाला तरी थेट बारा व्होल्टला जोडायचा नाही. पांढऱ्या एलईडीला साधारण तीन व्होल्ट पुरतात; उरलेले नऊ अडवायला रेझिस्टर लागतो. एक किलोओहमचा लावला तर नऊ मिलिअँपियर प्रवाह जातो. एलईडी वीस मिलिअँपियर सोसतो, म्हणजे तक्रारीला जागा नाही. पण दिवे लावले आणि माझं आडगावचं स्टेशन लग्नसराईतल्या मंगल कार्यालयासारखं झगमगायला लागलं. नुसता बॅन्ड कमी होता. त्या उजेडात भिंतीवरचा गोंद दिसतो, छपराची फट दिसते, स्टेशनमास्तरला मान नाही हेही दिसतं.

इथे या छंदाचं मर्म आहे. उजेड पाडणं सोपं, तो कमी करणं अवघड. दहा किलोओहमचा रेझिस्टर लावला तर जेमतेम एक मिलिअँपियर जातो. त्यावर काचेवरच्या चित्रकामाचा पिवळा रंग अगदी पातळ लावला की जुन्या बल्बाचा मरगळलेला उजेड उतरतो. प्लॅस्टिकच्या भिंती आतून काळ्या रंगवायच्या, नाहीतर आत दिवा लावला की सगळी इमारतच कंदील होते. हॅम्बुर्गच्या मिनिअटुर वुंडरलँडमध्ये लाखो एलईडी आहेत आणि दर पंधरा मिनिटांनी तिथे रात्र होते. त्यांना रात्र ठरवून आणावी लागते. आमच्याकडे लोडशेडिंगच्या काळात ती फुकट मिळायची.

एका संध्याकाळी खोलीतले दिवे मालवून मी मित्रमंडळींना स्टेशन दाखवलं. फलाटावर चार पिवळी वर्तुळं, मधे अंधार, तिकिटाच्या खिडकीवर एकच दिवा. सगळे गप्प झाले. मला वाटलं, जिंकलं. तेवढ्यात सदाशिव पेठेतले एक गृहस्थ वाकून बघत म्हणाले, “सगळं छान आहे, पण दिव्याशेजारी पाल कुठाय?”

बिनतोड मुद्दा. महाराष्ट्रात भिंतीवर दिवा आहे आणि शेजारी पाल नाही, असं स्टेशन मीही पाहिलेलं नाही. खरी पाल तेरा सेंटिमीटरची धरली, भागिले ८७, दीड मिलिमीटर. कागदाची कातरली, शेपटी सुईने वळवली, दिव्याखाली चिकटवली. ती कुणालाच दिसत नाही. आईला मात्र दिसली. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. “अरे, घरात काय कमी आहेत, तर आता ही पण विकत आणलीस?” आणली नाही, केली, हे सांगण्याची हिंमत झाली नाही.

खर्चाचं विचाराल तर टोपी, सुई, तार, एलईडी, रेझिस्टर धरून एक दिवा किरकोळीत पडतो. वेळेचे पैसे धरायचे नसतात. ते धरायला लागलो तर पाच दिवसांची कसोटी बघणाऱ्यांचं दिवाळं निघेल. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. आधी ते बघा, मग ठरवा. ठरलंच, तर एलईडी घेताना ‘वॉर्म व्हाइट’ असं स्पष्ट सांगा. नुसतं पांढरा म्हणालात तर दुकानदार निळसर देतो, आणि त्या उजेडात पाल फार वाईट दिसते.