पुढच्या चित्रपटाची वाट कशी पाहावी : घोडपदेव विभागासाठी मार्गदर्शिका

चित्रपट जाहीर झाल्यापासून तो पडद्यावर येईपर्यंतच्या काळाला प्रतीक्षा म्हणतात. हा काळ रिकामा असतो, असा घरच्या मंडळींचा समज असतो. प्रत्यक्षात चाहत्याचे सगळे काम याच काळात होते. चित्रपट सुरू झाला की त्याला तीन तास नुसते बसायचे असते.

ही मार्गदर्शिका ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या चाहत्यांसाठी आहे. सध्या ज्याची वाट पाहायची आहे तो चित्रपट म्हणजे ‘द हंट फॉर गॉलम’. वॉर्नर ब्रदर्सने तो मे २०२४ मध्ये जाहीर केला तेव्हा साल सांगितले होते २०२६. वर्षभराने ते १७ डिसेंबर २०२७ वर गेले. दिग्दर्शन अँडी सर्किसचे आणि गॉलमही तोच. आधीच्या चित्रपटांत हे ध्यान त्यानेच उभे केले होते, तेव्हा निवडीबद्दल कुरकुरायला जागा नाही. ज्यांना कुरकुरायचेच आहे त्यांची सोय पुढे केलेली आहे.

प्रतीक्षेला जागा लागते, आणि भायखळा ते कॉटन ग्रीनच्या मधला हा पट्टा त्यासाठी सोयीचा आहे. इथल्या मागच्या पिढीने याहून कितीतरी अवघड प्रतीक्षा पार पाडली आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, म्हणजे नियमाने पाहिले तर तो अजून चालूच आहे. गिरण्यांच्या जागेवर कामगारांसाठी बांधलेल्या घरांची पहिली मोठी सोडत निघाली २०१२ साली, ६,९२५ घरांची. मध्ये तीस वर्षे गेली. घोडपदेवच्या न्यू हिंद मिलच्या जागेवर आज म्हाडाच्या इमारती उभ्या आहेत. परदेशी चाहत्यांचा विक्रम यापुढे किरकोळ वाटतो. राल्फ बाक्शीने १९७८ साली टोल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीवर अ‍ॅनिमेशनपट काढला आणि गोष्ट अर्ध्यावर आणून सोडली. उरलेला अर्धा भाग त्याने काढलाच नाही. पीटर जॅक्सनच्या मालिकेतला पहिला चित्रपट डिसेंबर २००१ मध्ये आला. ही झाली तेवीस वर्षे. तिकडे त्यावर लेख लिहिले गेले. घोडपदेवमध्ये एवढ्यावर कोणी चहासुद्धा विचारला नसता.

चाहत्यांची वर्गवारी गिरणीच्या हजेरीपटाप्रमाणे करावी. ‘कायम’ चाहता कादंबरी परिशिष्टांसकट वाचतो आणि तसे वाचल्याचे दर आठवड्याला सांगतो. ‘बदली’ चाहत्याने फक्त चित्रपट पाहिलेले असतात, तेही टीव्हीवर, हिंदीत आणि मधूनच. पहिल्या खेळाच्या तिकिटावर त्याचा हक्क नसतो. मात्र कायम चाहत्याला ऐन वेळी ताप आला तर त्याला आत घेता येते, म्हणून त्याने तयारीत राहावे. या दोघांच्या वर ‘जॉबर’. कोणी कुठे बसायचे, कोणाला गटात घ्यायचे आणि कोणाला ‘नुसता बघ्या’ ठरवायचे, हे तो ठरवतो. त्याची पात्रता एकच: ‘सिल्मरिलियन’ शेवटपर्यंत वाचल्याचे सांगणे. हा दावा तपासू नये. आजवर कोणी तपासलेला नाही आणि त्यामुळेच गट टिकतात.

पुस्तकाची तयारी लवकर करावी. मराठीत मुग्धा कर्णिक यांनी केलेला ‘स्वामी मुद्रिकांचा’ हा अनुवाद आहे. तो घरात असला तर आईवडिलांना दाखवायला काहीतरी मराठी वाचन हाताशी राहते. इंग्रजी प्रत जाडजूड असते आणि दहा बाय बाराच्या खोलीत तिला तीन उपयोग निघतात, त्यांपैकी वाचन हा एक. प्रतीला खाकी कव्हर घालून ती शाळेच्या पुस्तकांत मिसळण्याची जुनी पद्धत आता चालत नाही, कारण एवढे जाड पाठ्यपुस्तक कोणत्याच इयत्तेला नसते हे पालकांना कळून चुकले आहे.

गॉलमच्या शोधाची कथा कादंबरीत सलग सापडत नाही. गँडाल्फ फ्रोडोला थोडी सांगतो, एलरॉंडच्या सभेत आणखी थोडी कळते, परिशिष्टातल्या सनावळीत दोन-चार ओळी येतात आणि उरलेले तपशील टोल्किनच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलाने संपादित केलेल्या ‘अनफिनिश्ड टेल्स’मध्ये आहेत. हे तुकडे जमवण्यात दोन पावसाळे सहज निघतात. त्या सनावळीप्रमाणे गँडाल्फ आणि अ‍ॅरागॉर्न यांनी गॉलमला मध्ये मध्ये खंड पाडत आठ वर्षे शोधले. तेव्हा चित्रपट एक वर्ष पुढे गेला म्हणून गळा काढणाऱ्याने आपण कोणत्या गोष्टीची वाट पाहतो आहोत, हे एकदा उघडून बघावे.

मूळ वाचकांनीही हे सोसले आहे. दुसरा खंड नोव्हेंबर १९५४ मध्ये निघाला. त्याच्या शेवटी फ्रोडो शत्रूच्या तावडीत जिवंत सापडतो आणि सॅम बंद दाराबाहेर राहतो. तिसरा खंड आला ऑक्टोबर १९५५ मध्ये, कारण टोल्किनला परिशिष्टे हातावेगळी करता येत नव्हती. अकरा महिने फ्रोडो कोठडीत आणि लेखक वंशावळ्या लावत बसलेला. या प्रसंगाचा उल्लेख वादात कोठेही करता येतो आणि तो नेहमी लागू पडतो.

ज्यांच्याने वाट पाहवत नाही, त्यांच्यासाठीही पूर्वपीठिका आहे. २००९ साली ब्रिटनमधल्या काही चाहत्यांनी ‘द हंट फॉर गॉलम’ याच नावाचा सुमारे चाळीस मिनिटांचा लघुपट अगदी थोड्या पैशांत स्वतःच काढला आणि इंटरनेटवर फुकट ठेवला. विषय तोच, शोधही तोच. म्हणजे स्टुडिओने ज्याची घोषणा २०२४ मध्ये केली, ते काम हौशी मंडळी पंधरा वर्षे आधी करून मोकळी झाली होती. घोडपदेवमध्ये असा उपक्रम काढायचा झाल्यास रे रोडच्या बाजूची गोदामे मॉर्डॉरसाठी चालतील. शायरचे काय करायचे, हा प्रश्न मात्र अवघड आहे; हिरवळ फार लागते.

बातम्यांचे वाचन हा प्रतीक्षेचा मोठा भाग. बातमी कळताच पहिला प्रश्न घरातल्या निवृत्त माणसाला विचारावा, कारण त्याला या बाबतीत अनुभव असतो. संवाद साधारण असा होतो:

“आबा, पिक्चरची तारीख आली.”

“कागद आहे का हातात? नंबर लागलाय?”

“नाही ओ, कंपनीने जाहीर केलंय.”

“जाहीर काय, आम्हालाही केलं होतं.”

यानंतर आबा पेपर उघडतात. विश्लेषकांची लांबलचक भाकिते वाचण्यापेक्षा हे बरे, आणि आजवर आबाच बरोबर निघाले आहेत.

तारीख पुढे गेली तर चित्रपटाचे काम नीट चालू आहे असे समजावे. ती मागे आली तर काळजी करावी. सर्वांत जास्त घाबरावे ते एकाच पुस्तकाचे भाग वाढू लागले म्हणजे. ‘द हॉबिट’ हे १९३७ सालचे मुलांसाठीचे एक पुस्तक, रविवारी दुपारी हाती घेतले तर बुधवारपर्यंत संपणारे. त्याचे २०१२ ते २०१४ या काळात तीन चित्रपट झाले. दिग्दर्शक म्हणून आधी गिलेर्मो देल तोरो होता. चित्रीकरण सुरू होण्याची वाट पाहून तो २०१० मध्ये बाहेर पडला. वाट पाहून निघून जाण्याचा अधिकार दिग्दर्शकाला असतो, चाहत्याला नसतो.

पहिल्या झलकेचे तंत्र या भागाला नव्याने शिकवायला नको. १९३४ पासून बसणाऱ्या लालबागच्या राजाची पहिली झलक उत्सवाच्या काही दिवस आधी पडदा सारून दाखवतात. त्याच्याही आधी चिंचपोकळीच्या चिंतामणीचे आगमन बघायला रस्ता फुलून जातो. मूर्तीचे दर्शन पुढे दहा दिवस मिळणारच असते, तरी पडदा सरकण्याच्या त्या क्षणासाठी माणसे तासन् तास उभी राहतात. हॉलिवूडला हे बरेच उशिरा सुचले.

टीझर आल्यावर करायचा विधी असा. जेवणे झाल्यावर, साधारण साडेदहाला, गॅलरीच्या टोकाला जमावे, कारण नेटवर्क तिथेच येते. फोन एक, डोकी पाच. पहिल्यांदा टीझर सलग पाहावा आणि कोणी काही बोलू नये. दुसऱ्यांदा जॉबरने अंगठ्याने दर सेकंदाला थांबवत न्यावे. “मागे घे. अजून मागे. थांब, थांब, गेलं.” काचेला गेलेला तडा नेमका उजव्या कोपऱ्यात असतो आणि महत्त्वाचे पात्र नेहमी त्याच कोपऱ्यात उभे असते. धुक्यात दिसणारी उभी रेघ तलवार की झाडाचा बुंधा, यावर मतदान घ्यावे. मतदानात झाड हरते. पाचव्या फेरीला आतून “झोपा आता, सकाळी पाणी भरायचंय” अशी हाक येते. तिला टीझरचाच भाग मानावे, कारण ती प्रत्येक वेळी त्याच ठिकाणी येते. पाणी सुटायच्या आत निष्कर्ष काढून घ्यावेत.

आता कुरकुर. ती चित्रपट पाहून झाल्यावर केली तर टीका ठरते. प्रतीक्षेत केली तरच तिला कुरकुरीचा दर्जा मिळतो. पूर्वीच्या अन्यायांचा साठा त्यासाठी हाताशी ठेवावा. जॅक्सनने टॉम बॉम्बाडिल सरळ गाळला, यावर अर्धा तास बोलता येते. त्याने फॅरामिर बदलला, यावर पाऊण तास. फॅरामिरच्या बाबतीत चाहत्यांची बाजू खरी आहे. पुस्तकात रस्त्यात अंगठी पडलेली दिसली तरी ती उचलणार नाही म्हणणारा माणूस चित्रपटात फ्रोडोला बांधून बापाकडे न्यायला निघतो. बॉम्बाडिलचे मात्र खुद्द पुस्तकातही जड होते, पण हे गॅलरीत बोलू नये.

मराठी चाहत्याला घरचे उदाहरणही आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे कैक दशके पुस्तकांतून सायकल दामटत राहिला आणि २७ ऑक्टोबर २०१७ रोजी मोठ्या पडद्यावर आला. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, फेणे झाला अमेय वाघ. पुस्तकातला फुरसुंगीचा शाळकरी बनेश चित्रपटात वैद्यकीय प्रवेश परीक्षेला पुण्यात आलेला तरुण झाला. एवढी वर्षे वाट पाहायला लावल्यावर मुलगा मोठा होणारच, असा युक्तिवाद काहींनी केला आणि तो खोडणे कठीण आहे. शिवाय दिलीप प्रभावळकर त्यात खुद्द भागवतांच्या भूमिकेत होते. ज्याच्या वतीने तक्रार करायची तोच लेखक पडद्यावर हजर, त्यामुळे जुन्या वाचकांची पंचाईत झाली. ‘पुढचा फेणे कधी’ हा प्रश्न घेऊन बसलेली मंडळी टोल्किनच्या गटात बदली म्हणून घ्यायला हरकत नाही. त्यांची तयारी पक्की असते.

प्रतीक्षेच्या वर्षातले सणवार थोडे असले तरी पाळावेत. २२ सप्टेंबर हा बिल्बो आणि फ्रोडो या दोघांचा वाढदिवस. तो कधी गणपतीत येतो, कधी पितृपक्षात, कधी नवरात्रात. पितृपक्षात आला तर केक कापण्याचे कारण घरी सांगू नये. २५ मार्च हा अंगठी नष्ट झाल्याचा दिवस. टोल्किन सोसायटीने २००३ पासून तो वाचनदिन ठरवला आहे. तो परीक्षांच्या हंगामात पडत असल्याने ‘वाचन चालू आहे’ हे उत्तर त्या दिवशी प्रामाणिकपणे देता येते.

चित्रपटगृहाची निवड तारखेच्या बऱ्याच आधी करावी. लालबागच्या भारतमातामध्ये गिरणगावाने मराठी चित्रपट पाहिले, पण या चित्रपटासाठी पडदा मोठा लागतो. कॉटन ग्रीनहून हार्बरने शिवडी ओलांडली की वडाळा; तिथे आयमॅक्स आहे. दुसरा पर्याय लोअर परळची फिनिक्स मिल. तिथे काम केलेला एखादा आजोबा बरोबर असेल तर त्याला पॉपकॉर्नचा भाव सांगू नये. तिथली एकेकाळची पगाराची रक्कम तो आपण होऊन सांगतो आणि पहिली वीस मिनिटे त्यात जातात.

तिकिटे अ‍ॅपवर खुली होतात ती वेळ आगाऊ कळत नाही. म्हणून गटाने पाळ्या लावाव्यात: पहिली पाळी विद्यार्थ्यांकडे, दुसरी ऑफिसवाल्यांकडे, रात्रपाळी ज्याला एरवीही झोप येत नाही त्याच्याकडे. तिकीट मिळाल्याचा संदेश आल्याशिवाय कोणी पाळी सोडू नये. रांगेत एकमेकांना लागून पाच जागा मिळाव्यात. चार आणि एक अशा मिळाल्या तर एकटी जागा जॉबरला द्यावी, म्हणजे बाकीच्यांना चित्रपट ऐकू येईल.

चित्रपट संपल्यावर श्रेयनामावली शेवटपर्यंत पाहावी आणि दिवे लागले की उठावे. स्टुडिओने २०२३ मध्येच एकाहून अधिक चित्रपटांचा करार झाल्याचे जाहीर केले आहे, त्यामुळे जिन्यावरच बदली चाहता “पुढचा कधी?” असे विचारेल. त्याला साल सांगावे, महिना सांगू नये.