फौजदारकी हुकलेल्या हवालदाराचे चौऱ्याण्णव वर्षांचे कष्ट

मराठवाड्यात भाविक गृहस्थाचे चरित्र लिहिताना त्याचे कष्ट दोन ओळींत उरकून चमत्कारांना अध्यायामागून अध्याय देण्याची प्रथा आहे, आणि त्यामुळे जन्मभर राबलेला माणूस पुस्तकातून आयता महात्मा होऊन बाहेर पडतो. नांदेडचे दासगणू महाराज, म्हणजे गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे (६ जानेवारी १८६८ ते २६ नोव्हेंबर १९६२), यांच्या बाबतीत ही प्रथा विशेष खटकते, कारण त्यांच्या आयुष्यात विश्रांतीची नोंद शोधूनही सापडत नाही. दीर्घायुष्य हे वैराग्याचे फळ असते असे मानणाऱ्यांना लातूर जिल्ह्यातील अहमदपूरच्या शिवलिंग शिवाचार्य महाराजांचा दाखला सोयीचा पडतो. २०२० साली नांदेडमध्ये देह ठेवताना या विरक्त वीरशैव मठाधिपतींनी शंभरी ओलांडलेली होती. दासगणूंनी मात्र नव्वदी गाठली ती बायको, पाहुणे, शिष्य आणि सतत पडणारी कीर्तनाची आमंत्रणे सांभाळून, आणि यांपैकी अवघड काय, हे संसारी वाचकाला वेगळे सांगण्याची गरज नाही.

त्यांचा जन्म नगर जिल्ह्यातील अकोळनेरचा. शिक्षणात मन रमले नाही, म्हणून ते पोलिसात भरती झाले, आणि ड्यूटीतून उरलेला वेळ त्यांनी तमाशासाठी लावण्या रचण्यात घालवला. खात्याने याची दखल कोणत्या रकान्यात घेतली असती, हा प्रश्नच आहे. नानासाहेब चांदोरकर या सरकारी अंमलदाराच्या सोबतीने ते शिर्डीला जाऊ लागले आणि तेथे साईबाबांनी त्यांना नोकरी सोडण्याचा सल्ला दिला. यानंतर जे घडले त्याला चरित्रकार ‘भक्ताची परीक्षा’ म्हणतात. तटस्थ अभ्यासकाला तो मुदतवाढीचा अर्ज वाटतो. फौजदारकी, म्हणजे पोलीस उपनिरीक्षकाची जागा, मिळाली की वर्षभर ती भोगून राजीनामा देऊ, असे हवालदाराचे म्हणणे होते. त्यासाठीची खात्याची परीक्षाही त्यांनी दिली होती. पगारवाढीच्या तोंडावर वैराग्य येऊ नये, ही अपेक्षा कोणत्याही काळातील नोकरदाराला समजण्यासारखी आहे.

बाबांनी अर्ज फेटाळला तो तोंडाने नव्हे, तर प्रसंगांनी, अशी परंपरेची श्रद्धा आहे. कान्ह्या भिल्ल नावाच्या दरोडेखोराच्या मागावर असताना दासगणूंनी रामदासी गोसाव्याचे सोंग घेतले, ते सोंग कान्ह्याने ओळखले आणि जीव मुश्किलीने वाचला. पुढे दंडाच्या ३२ रुपयांचा हिशेब जुळेना आणि त्याचा ठपका त्यांच्यावर आला. तेव्हा मात्र गोदावरीचे पाणी हातात घेऊन, यातून सुटलो तर नोकरी सोडीन, अशी प्रतिज्ञा त्यांनी केली. ते सुटले, प्रतिज्ञाही पाळली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी नांदेड गाठले. नांदेड तेव्हा निजामाच्या राज्यात होते, म्हणजे जुन्या खात्याच्या हद्दीबाहेर. हा निव्वळ योगायोग मानावा. दरोडेखोरापुढे टिकले नाही ते गोसाव्याचे सोंग पुढे अर्धशतकाहून अधिक काळ खऱ्या हरिदासाच्या रूपाने टिकले.

हरिदास म्हणजे नारदीय पद्धतीने उभे राहून कीर्तन करणारा. त्याच्या कीर्तनाचे दोन भाग पडतात, तत्त्वविवेचनाचा पूर्वरंग आणि कथेचा, म्हणजे आख्यानाचा, उत्तररंग. या पेशाला शोभेल असा अंगरखा, उपरणे आणि फेटा घालून दासगणू निघाले असता बाबांनी नवरदेव म्हणून त्यांची थट्टा केली आणि नारद असले काही घालत नसे याची आठवण दिली, असे ‘साईसच्चरिता’त येते. तेव्हापासून ते उघड्या अंगाने, गळ्यात हार आणि हातात चिपळ्या घेऊन उभे राहू लागले.

पोलिसी शिक्षण वाया गेले नाही याचा पुरावा खुद्द नांदेडचा आहे, आणि प्रस्तुत विषयात तोच सर्वांत मोलाचा. रतनजी शापुरजी वाडिया हे नांदेडचे धनाढ्य पारशी व्यापारी अपत्यप्राप्तीच्या इच्छेने दासगणूंच्या सांगण्यावरून शिर्डीला गेले. बाबांनी ५ रुपये दक्षिणा मागितली आणि ३ रुपये १४ आणे पूर्वीच पोचल्याचे सांगून उरलेलीच रक्कम घेतली. शिर्डीचे प्रथमच दर्शन घेणारे रतनजी गोंधळून परतले. अशा वेळी दुसऱ्या कीर्तनकाराने डोळे मिटून लीला अगाध असल्याचे सांगितले असते. माजी हवालदाराने तपास केला. हमाली करून पोट भरणारे मौलीसाहेब नावाचे एक मुसलमान सत्पुरुष नांदेडात होते आणि रतनजींनी शिर्डीला निघण्यापूर्वी त्यांचा पाहुणचार केला होता. दासगणूंनी त्या खर्चाची यादी मागवली, बेरीज केली, ती बरोबर ३ रुपये १४ आणे भरली. चमत्काराला जमाखर्चाचा आधार देणारा असा भक्त विरळा, आणि तो ३२ रुपयांच्या हिशेबात पोळलेला असावा हे तर्काला धरूनच आहे.

लेखनातही हाच कामसूपणा दिसतो. ‘भक्तलीलामृत’ (१९०६) या ग्रंथात त्यांनी हयात असलेल्या साईबाबांना स्थान दिले. १९२२ साली शिर्डी संस्थानाची घडी बसल्यावर त्याचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले, म्हणजे खात्यात हुकलेली बढती उशिरा का होईना मिळाली. शेगावच्या गजानन महाराजांचे एकवीस अध्यायांचे ओवीबद्ध चरित्र ‘श्रीगजानन विजय’ १९३९ साली सिद्ध झाले, तेव्हा कवीचे वय एकाहत्तर होते. पेन्शन घेऊन ओट्यावर बसण्याच्या या वयात त्यांनी पुढच्या पिढ्यांच्या पारायणाची, म्हणजे ठरावीक मुदतीत पोथी संपूर्ण वाचण्याच्या व्रताची, सोय करून ठेवली.

त्यांना मूलबाळ नव्हते, तरी घर रिकामे राहिले नाही. शिष्य दामोदर आठवले यांचा मुलगा अनंत हा त्यांनी नातवासारखा वाढवला. तो आयुर्वेदाचा प्राध्यापक झाला आणि उतारवयात संन्यास घेऊन स्वामी वरदानंद भारती या नावाने ओळखला गेला. आजोबा अखेरपर्यंत गृहस्थ आणि नातू संन्यासी, असा आश्रमव्यवस्थेला चक्रावून टाकणारा क्रम या घराने घालून दिला.

दासगणूंचे देहावसान पंढरपुरात झाले, तर त्यांचे स्मृतिस्थान नांदेड जिल्ह्यातील उमरीजवळच्या गोरटे या गावी आहे. ‘श्रीगजानन विजय’चे पारायण करणाऱ्या वाचकांनी एकविसावा अध्याय संपताच पोथी घाईने फडक्यात गुंडाळू नये, कवीने स्वतःचे नाव कोठे घातले आहे ते आधी पाहावे.