बिनशिक्क्याचा काटा

भाजीवाल्याने शंभर ग्रॅम मारले, तर आपण मंडई डोक्यावर घेतो. वैधमापनवाले येऊन काट्यावरचा शिक्का तपासतात, खोट सापडली तर खटला भरतात. पण पिशवी धरलेल्या आपल्याच मनगटावर स्मार्ट घड्याळ नावाचा पंधरा-वीस हजारांचा जो काटा बांधलेला असतो, त्याला शिक्का नाही आणि निरीक्षकही नाही. तो म्हणाला, ‘४३७ कॅलरी जळल्या’, की जळल्या! ४३६ नाही, ४३८ नाही.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात युआन ॲशली यांच्या चमूने हा काटा तपासला. निकाल २०१७ साली आला. ६० माणसे आणि सात प्रकारची घड्याळे. माणसांना चालवले, पळवले, सायकलवर बसवले. तोंडाला मास्क लावून श्वासातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजला आणि त्यावरून खऱ्या कॅलरी काढल्या. नाडीच्या ठोक्यांत सातपैकी सहा घड्याळे पाच टक्क्यांच्या आत चुकली, म्हणजे विशेष प्रावीण्यासह पास. कॅलरींत मात्र वर्गच्या वर्ग नापास. त्यातल्या त्यात हुशार घड्याळ सरासरी २७ टक्के चुकले, सगळ्यात ढ ९३ टक्के. खऱ्या ४०० जळल्या असतील, तर हुशार घड्याळ ५०८ सांगेल, नाहीतर २९२. ढ तर पावणेआठशेही सांगेल.

तेव्हापासून नवी मॉडेले आली, पण अडचण जुनीच आहे: घड्याळ कॅलरी मोजतच नाही. हिरवा दिवा कातडीखालच्या रक्ताची चढउतार पाहतो, एक चिप मनगटाचे हलणे टिपते. वय, उंची, वजन आपणच भरलेले असते, आणि त्यातले वजन गेल्या दिवाळीचे, तेही जरा कमी करून सांगितलेले. या सगळ्यावरून कंपनीचे गुपित सूत्र अंदाज बांधते. दिवसभराच्या खर्चातला साठ-सत्तर टक्के वाटा तर नुसते जिवंत राहण्याचा असतो. तो काढण्याच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राने भारतीयांचा आकडा फुगतो, म्हणून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) तज्ज्ञांनी त्यातून पाच टक्के छाटले होते. तुमच्या घड्याळाने छाटले का, हे कंपनीलाच माहीत.

आणि मनगटाला काय कळते? सोफ्यावर बसून टाळ्या पिटल्या तरी पावले पडतात. खांद्यावरचा सिलिंडर घट्ट धरून जिना चढणाऱ्याचे मनगट मात्र जागचे हलत नाही. सोसायटीच्या सभेत पार्किंगचा विषय निघाला की बसल्या जागी ठोके वाढतात, पण त्याने चरबी वितळत नाही. वितळत असती, तर आपल्या सोसायट्यांत एकही ढेरी दिसली नसती.

खरे नुकसान बागेच्या फाटकाबाहेर होते. सकाळी तासभर चालून आलेली मंडळी गाडीपाशी थांबतात, मनगट वर करतात, ‘पाचशे झाल्या, एक चालतो’ म्हणतात आणि वडापाव सांगतात. एक म्हणजे साधारण तीनशे कॅलरी, आणि तो एकावर क्वचितच थांबतो. शिवाय त्या पाचशेत तो तास घरी लोळून काढला असता तरी जळल्या असत्या अशा साठ-सत्तर कॅलरीही बहुधा धरलेल्या असतात. जमा अंदाजपंचे, खर्च मात्र रोखीचा!

घड्याळ फेकायचे कारण नाही. ठोके पाहा, कालच्यापेक्षा आज जास्त चाललो का ते पाहा. एवढे ते बऱ्यापैकी सांगते. कॅलरीच्या आकड्यावर मात्र ताट वाढून घेऊ नका. महिन्याभरात काय कमावले आणि काय घालवले, ते घरातला वजनकाटा फुकटात सांगेल. वडापाव खायचाच असेल तर भूक लागली म्हणून खा, घड्याळाने परवानगी दिली म्हणून नको.