भेसळ फक्त इतिहासात

महाराष्ट्रात दारूबंदी आहे, असं सांगायला गेलं की लोक हसतात. पण 1949 चा कायदा रद्द झालेला नाही, आणि त्याचं नावही अजून दारूबंदी कायदा हेच आहे. त्या बंदीच्या जोरावर राज्य उत्पादन शुल्क खातं तिजोरीत वर्षाला हजारो कोटींची भर घालतं. बंदीतून एवढी कमाई काढणं हे काही ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही. पिणाऱ्याला परवाना लागतो. देशीसाठी दिवसाचा दोन रुपयांना, विदेशीसाठी पाचला, वर्षाचा शंभरला आणि आयुष्यभराचा हजाराला. हा परवाना मिळतो तो प्रकृती सांभाळण्यासाठी. म्हणजे संध्याकाळी साडेसातला कुठल्याही परमिट रूममध्ये डोकावलं तर कायद्याच्या लेखी तिथे बसलेली सगळी मंडळी आजारी असतात. बियरला वयाची 21 वर्षं पुरी लागतात, व्हिस्कीला 25. मुलाला लग्न 21 व्या वर्षी करता येतं. त्यावरच्या उताऱ्यासाठी मात्र चार वर्षं कळ काढायची.

ज्या राज्यात दारूबंदी इतकी सुखानं नांदते, तिथे शुद्ध शाकाहारी बार निघाला तर नवल कसलं? फोर्टात हॉर्निमन सर्कलच्या आसपास, कमानींच्या एका जुन्या इमारतीत असं एक ठिकाण आहे. नाव सांगत नाही, कारण जेवण बरं होतं. दाराशीच हिरवा ठिपका, तोही ताटलीएवढा. आत शिरल्यावर उजव्या हाताला बाटल्यांची भिंत, डाव्या हाताला गणपती आणि समोर गल्ला. तिघांवरही सारखाच प्रकाश पडेल अशी दिव्यांची सोय केलेली.

शेजारच्या टेबलावर पन्नाशीचे एक गृहस्थ तिसरा लार्ज संपवत होते. मिनी बर्गर आले तसा त्यांचा चेहरा गंभीर झाला.

‘‘मेयोनीजमध्ये अंडं नाही ना?’’

‘‘एगलेस आहे, साहेब.’’

‘‘आणि तवा?’’

‘‘तवा तर आमच्याकडे एकच आहे, साहेब. त्यावर दुसरं काही भाजतच नाही.’’

‘‘नाही, विचारलेलं बरं. हल्ली कोण काय खायला घालेल, सांगता येत नाही,’’ असं म्हणून त्यांनी चौथा मागवला. चौथ्याबद्दल मात्र त्यांनी काही विचारलं नाही. कुठे गाळला, कशात मुरवला, कशानं रंगवला, अक्षर नाही.

एका अर्थी विचारलं नाही तेच बरं झालं. बियर आरशासारखी नितळ दिसावी म्हणून तिच्यातला गाळ खाली बसवायला माशाच्या पोटातला फुगा वाळवून वापरायची रीत युरोपात जुनी आहे. ती आम्ही सोडतो आहोत, असं गिनेस बियरवाल्यांनी जाहीर केलं ते 2015 मध्ये. रेड वाइनचा तुरटपणा अंड्याच्या पांढऱ्यानं उतरवतात. काँपारी नावाच्या इटालियन मद्याचा लालभडक रंग 2006 पर्यंत चक्क किड्यांपासून काढलेला होता. सगळ्याच बाटल्यांत असं असतं असं नाही. व्हिस्की तर बिचारी धान्याचीच. पण ज्याच्या मेयोनीजची एवढी झडती होते, त्याच्या पेल्याला कोणी हटकत नाही, एवढंच मला दिसलं. घशाखाली जाताना शाकाहाराला दोन दारं असतात आणि पहारेकरी एकाच दारावर उभा असतो.

इथे येणारे सगळे जन्माचे शाकाहारी असतात असंही समजू नका. श्रावण लागला की या जागेचा निम्मा धंदा आपल्याच माणसांचा. दीप अमावास्येला गटारीच्या नावानं मटणाचा निरोप समारंभ होतो, दुसऱ्या दिवसापासून महिनाभर मासळी-मटण बंद. दारू सोडण्याबद्दल आजी काही बोललेली नसते. मग हा व्रतस्थ घोळका ऑफिस सुटल्यावर इथे येतो आणि सोया चाप मागवतो. सोया चाप म्हणजे सोयाबीनच्या पट्ट्या आइस्क्रीमच्या काडीला गुंडाळून केलेली तंगडी. काडी हाडाच्या जागी असते. आमच्या समोर एकानं ती सवयीनं शेवटपर्यंत चोखली, मग भानावर येऊन बशीत ठेवली आणि आजूबाजूला पाहिलं. श्रावण मोडला नव्हता, पण चव चुकल्याचं दुःख चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

आता इमारतीकडे वळू, कारण पैसे तिचेच घेतात. पनीर चिली बाहेर मिळते त्याच्या दुप्पट भावानं आहे, ती ऐतिहासिक छताखाली खायची म्हणून. मेनू कार्डाचं पहिलं पान पूर्ण इतिहासाला दिलेलं. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं (1861 ते 65), लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, मुंबईचा कापूस सोन्याच्या भावानं गेला, त्या पैशातून एल्फिन्स्टन सर्कल (म्हणजे आजचं हॉर्निमन सर्कल) उभं राहिलं, 1872 मध्ये पुरं झालं वगैरे. खरं आहे. पूर्वी याच मोकळ्या मैदानावर कापसाचे ढीग पडत. फक्त त्या काळच्या मुंबईला ज्या दुसऱ्या मालानं पोसलं, त्याचा उल्लेख त्या पानावर नाही. तो माल म्हणजे माळव्याची अफू. ती मुंबईच्या बंदरातून चीनला जायची आणि तिच्यावर इथल्या किती पेढ्या, किती बंगले, किती दानधर्म उभे राहिले याची मोजदाद इतिहासकारांनी कधीच केलेली आहे. मालकांना अफूची लाज वाटायचं खरं तर काही कारण नव्हतं. कापूस झाडाचा, अफूही झाडाची. पाया शंभर टक्के शाकाहारी आहे, असं छापून हिरवा ठिपका तिथेही देता आला असता.

1 जुलै 1865 चा दिवसही मेनूत नाही. युद्ध संपलं, कापूस कोसळला, शेअरांचे सौदे त्या दिवशी चुकते करायचे होते आणि अर्ध्या मुंबईचं दिवाळं वाजलं. सट्ट्याचे राजे प्रेमचंद रायचंदही त्यात बुडाले. त्यांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर, त्यांच्या आईच्या नावाचा, 1878 मध्ये पुरा झाला. इथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. असं सांगतात की आई जैन, सूर्य मावळायच्या आत जेवणारी, आणि दिसत नसल्यामुळे टॉवरच्या घड्याळाच्या टोल्यांवरून तिला वेळ कळायची. आख्यायिका असेल, पण गोड आहे. आमच्या बारमध्ये जैन मेनूचं वेगळं पान आहे. त्या पानावरचं कांदा-लसूण नसलेलं मंचुरियन रात्री सव्वाअकराला टेबलावर येतं. टोले ऐकू येत नाहीत, म्युझिक मोठं असतं.

1995 च्या नियमावलीनं मुंबईतल्या वारसा इमारतींना श्रेणी ठरवून दिल्या: एक, दोन-अ, दोन-ब, तीन. तेव्हापासून अशा इमारतीच्या तोंडावर काही ठोकाठोक करायची तर आधी वारसा समितीचं तोंड पाहावं लागतं. मालकांनी बाहेरून काडीचा बदल केलेला नाही. आतली गोष्ट वेगळी. वातानुकूलनाच्या नळ्या लपवायला त्यांनी फॉल्स सीलिंग मारलं, त्याच्या वर मूळच्या सागवानी तुळया झाकल्या गेल्या. मग जुनेपणा कमी पडला म्हणून सीलिंगच्या खाली फायबरच्या तुळया लावल्या. त्यांना वाळवीची भोकंही पाडलेली आहेत. वेटरनं अभिमानानं सांगितलं, ‘‘हे सगळं ओरिजिनल लुक आहे, साहेब.’’ खऱ्या तुळया बघायच्या असतील तर पुरुषांच्या स्वच्छतागृहात जावं. तिथे सीलिंगचे पैसे वाचवलेत. मी तिथे जरा जास्तच वेळ वर बघत उभा राहिलो, तेव्हा मागच्या माणसानं खाकरून आपली निकड कळवली.

नावाचा प्रश्न सरकारनं सोडवून टाकलेला आहे. 2022 मध्ये दुकाने-आस्थापनांच्या कायद्यात दुरुस्ती झाली: पाटी मराठीत हवी, आणि जिथे दारू मिळते त्या जागेला महापुरुषाचं, थोर स्त्रीचं किंवा गडकिल्ल्याचं नाव चालणार नाही. उत्तम झालं. तीनच वर्षं आधी, 2019 मध्ये, राज्यातले 25 किल्ले हॉटेलांसाठी भाड्यानं देण्याची टूम निघाली होती आणि लोक खवळल्यावर खुलाशांची धावपळ झाली होती. आता बारला किल्ल्याचं नाव देता येत नाही, इतकं तरी पक्कं. आमच्या मालकांनी मग इमारतीचा क्रमांकच नाव म्हणून लावला आणि इतिहास कॉकटेलच्या यादीत घातला, कारण पेल्यांच्या नावांबद्दल कायदा गप्प आहे. गव्हर्नर घातलेत ते इंग्रज, म्हणजे कोणाच्या भावना दुखवायच्या नाहीत. एक गव्हर्नर साडेसातशेला मिळतो, पुदिन्यासह.

बिलं दोन आली. दारू जीएसटीत नाही, तिच्यावर व्हॅट; जेवणावर जीएसटी. ही सोय कोणी केली असेल त्याला संसाराचा अनुभव असणार. शेजारच्या गृहस्थांनी दारूचं बिल तिथेच टराटरा फाडलं आणि जेवणाचं नीट घडी घालून पाकिटात ठेवलं, घरी दाखवायला म्हणून. मग काहीतरी आठवून पुन्हा उलगडलं, चष्मा लावला आणि वेटरला बोलावलं.

‘‘अरे, सोडा यात कसा?’’

‘‘सोडा जेवणातच धरतात, साहेब. जीएसटी आहे त्यावर.’’

बिलात बर्गर एक प्लेट, मसाला पापड एक आणि सोडा सात. ‘‘सातच्या सात लिहायची काय गरज होती?’’ ते म्हणाले, आणि पोट बिघडल्याचं घरी कसं सांगायचं याची मनातल्या मनात जुळवाजुळव करत जिना उतरले.