चढ फारसा नाही

दिवाळीचा फराळ संपून वार्षिक तपासणीचा अहवाल हाती आला, की पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत एक पुरुष पहाटे चारला उठू लागतो. वय पंचेचाळिशीच्या पुढे, साखर काठावर, गुडघे अजून स्वतःचे. अंगावरचे कपडे इतके घट्ट, की दूधवाला नजर चुकवून पिशवी ठेवतो. बुटांच्या तळाला पेडलमध्ये अडकणारी खुंटी असल्यामुळे तो टकटक करत जिना उतरतो आणि चौथ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत सगळ्यांना, इच्छा नसताना, कळतं की आज रविवार आहे. हा सायकलवीर. गारवा पडला की तो कोकणात उतरतो.

एरवी हा माणूस दशांशापर्यंत खरं बोलणारा. आपण सहज ‘वीसेक किलोमीटर’ म्हणावं, तर तो ‘एकोणीस पूर्णांक चार’ अशी दुरुस्ती करणार. हृदयाचे ठोके, पेडलचे मिनिटाला फेरे, प्यायलेलं पाणी, सगळ्याचा हिशेब त्याच्यापाशी असतो. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस आणि ६०० चाळीस तासांत, अशा चारही राइड एका हंगामात पुऱ्या करून त्याने ‘सुपर रँडोनर’ ही पदवी मिळवलेली असते. पॅरिसहून आलेली पदकं हॉलमध्ये मुलीच्या भरतनाट्यमच्या ढालीपुढे अशी मांडलेली असतात, की ढाल दिसू नये. पण सत्यवचनी धर्मराजालाही एक ‘नरो वा कुंजरो वा’ होतंच. याचं ‘नरो वा’ म्हणजे चढ.

पहिली थाप आमंत्रणातच असते. “येतोस का कोकणात? समुद्राच्या कडेकडेने जायचं. चढ फारसा नाही.”

ऐकणाऱ्याला वाटतं, समुद्र सपाट, तेव्हा त्याच्या काठचा रस्ताही सपाटच असणार. कोकणाची घडण मात्र वेगळी. सह्याद्री आणि समुद्र यांच्यात जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरची पट्टी. तेवढ्यात नद्या धावत येतात, जांभ्याचा सडा चिरतात आणि खाडी होऊन समुद्राला मिळतात. राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड अशा खाड्या एकामागून एक आडव्या येत राहतात. खाडी आली की रस्ता सड्यावरून थेट पाण्यापर्यंत उतरतो आणि पलीकडच्या तीरावरून पुन्हा सड्यावर चढतो. अशा चढांची बेरीज केली, तर दोन दिवसांत कळसूबाईचे १,६४६ मीटर सहज भरतात. आणि एवढं चढून माणूस शेवटी पोहोचतो कुठे, तर समुद्रसपाटीला.

सायकलवीराला हे सगळं ठाऊक असतं. प्रत्येक चढाचा टक्का त्याने मोबाइलमध्ये रंगासकट साठवलेला असतो. हिरवा म्हणजे सौम्य, लाल म्हणजे भयंकर. आमंत्रण देताना तो फक्त रंग सांगत नाही.

स्थानिकांना विचारावं, तर तिथेही तीच गत. “पुढे चढ आहे का हो?” या प्रश्नाला, “छे, हे काय, वळलात की झालं,” हे उत्तर रेवसपासून रेडीपर्यंत कुठेही मिळतं. ते खोटं बोलत नसतात. डोक्यावर भारा घेऊन सडा चढणाऱ्या त्यांच्या आजीला प्रत्येक चढाचं नाव आणि स्वभाव माहीत होता. घरोघरी मोटारसायकल आली आणि कोकणातले चढ नाहीसे झाले. ते आता फक्त सायकलवाल्यांना दिसतात.

दुसरी थाप वाऱ्याची. सपाटीवर वेग पडला की “समोरचा वारा फार होता” हे ठरलेलं. हिवाळ्यात दुपारनंतरचा वारा समुद्रावरून, बहुतेक वायव्येकडून येतो. म्हणजे दक्षिणेला निघालेल्याच्या पाठीला तो हातच लावतो. पण सायकलवीराचा वारा दिशा बघून वाहत नाही. तो जाताना समोरून असतो आणि येतानाही समोरूनच.

मग फोटो. आरे-वाऱ्याच्या वळणावर, खाली दोन किनारे एका नजरेत मावत असताना, तो समुद्राकडे पाठ करून सायकल न्याहाळत असतो. फोटोचा एक नियम त्याने प्राणपणाने जपलेला असतो: चेन आणि गिअर दिसलेच पाहिजेत. ते असतात उजव्या बाजूला. गोव्याकडे तोंड करून सायकल उभी केली, तर उजवी बाजू जाते समुद्राकडे आणि फोटोत येते डावी, म्हणजे बिनगिअरची. म्हणून तो सायकल उलटी फिरवतो. परिणामी रत्नागिरी असो, देवगड असो की वेंगुर्ला, गोव्याला निघालेल्या या पठ्ठ्याच्या प्रत्येक फोटोत सायकलीचं तोंड मुंबईकडेच. घरून विचारणा येते, “परत फिरलास का? मग येताना आंबापोळी आण.”

त्याला विश्रांती मिळते ती एकाच ठिकाणी, फेरीबोटीवर. रेवस-रेडी सागरी मार्गाचं बॅरिस्टर अंतुल्यांचं स्वप्न वर्षानुवर्षं खाड्यांवरच्या पुलांपाशी अडून राहिलं. त्याबद्दल मनातून कोणी ऋणी असेल, तर तो सायकलवीर. चढावर थांबणं नामुष्कीचं, पण बोट सुटायची असेल तर थांबण्यात कमीपणा कसला? दाभोळच्या धक्क्यावर तो पहिलं काम करतो ते हॅंडलवरचं यंत्र बंद करण्याचं. विसरला, तर बोटीच्या संथ चालीने सरासरी बुडते आणि नकाशात तो वाशिष्ठीच्या पाण्यावरून सायकल चालवत गेल्याचं उमटतं. तेवढं खोटं त्याला खपत नाही.

बोटीवर स्कूटर, टेम्पो आणि माशांच्या पाट्या यांच्यामध्ये तो सायकल कवटाळून उभा असतो. पाटीवाली मावशी त्याला वरपासून खालपर्यंत बघते.

“गाडी नाय तुमच्याकडे?”

“आहे ना. दोन आहेत.”

“मग बिघडल्या?”

“नाही हो, हौस म्हणून आलोय.”

मावशी शेजारणीकडे बघते, शेजारीण मावशीकडे. मग मावशी पाटी सरकवते आणि आजारी माणसाशी बोलावं तशा आवाजात म्हणते, “बसा इथं जरा, सावली आहे.”

पलीकडे धोपाव्याला बोटीची फळी पडते, गाड्या भुर्रकन वर निघून जातात आणि मागे उरतात सायकलवीर आणि चढ. पहिलं वळण तो बसून काढतो, दुसरं उभं राहून. तिसऱ्याच्या आधी मागेपुढे बघतो आणि हळूच उतरून सायकल हाताने ढकलू लागतो. यंत्रावर वेग ताशी चार किलोमीटर. वरून एसटीचा आवाज आला की टांग मारून पुन्हा स्वार होतो, एसटी गेली की पुन्हा पायउतार. पण मागून चढणारी स्कूटर कधी कधी आवाज न करताच गाठते.

“काय काका, पंक्चर?” स्कूटरवरचा मुलगा विचारतो.

ही तिसरी थाप. क्षणभर छातीचा भाता आवरून सायकलवीर म्हणतो, “हो ना, पंक्चर.”

पुणे-मुंबईकडे असलं उत्तर दिलं की विषय संपतो. इथे तो सुरू होतो. मुलगा स्कूटर बाजूला लावतो, “तुम्ही दमलात, सोडा,” म्हणत सायकलीचा ताबा घेतो आणि वरच्या नाक्यावरच्या पंक्चरवाल्यापर्यंत चालत येतो. वाटेत फोन करून त्याला दुकान उघडं ठेवायला सांगतो. सायकलवीर मागून टकटक करत चालतो. एवढ्या माणुसकीपुढे आता खरं बोलायची सोय उरलेली नसते.

पंक्चरवाला म्हातारा. अंगठ्याने चाक दाबतो. चाक दगडासारखं टणक. तो काही बोलत नाही. रीतसर टायर उतरवतो, ट्यूब काढतो, पाण्याच्या घमेल्यात वीत वीत बुडवून बघतो. भोवती चार माणसं वाकून बघत असतात, त्यात सायकलवीरही असतो, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तो बुडबुडा दिसावा म्हणून देवाचा धावा करत असतो. बुडबुडा येत नाही. म्हातारा फडक्याने ट्यूब पुसतो, पुन्हा बसवतो. दुकानातली नळी त्या बारीक व्हॉल्व्हला लागत नाही, तेव्हा सायकलवीराचाच पंप मागून घेऊन हवा भरून देतो.

“किती झाले?”

“भोकच नाही, तर पैसे कसले?” म्हातारा हात धुतो. “या चढाला असं पंक्चर वरचेवर होतं. पाच मिनिटं बसलं की आपोआप निघतं.”