नव्वदीचा पाढा

डॉलर वधारला की तासगावच्या द्राक्ष बागायतदाराला फेब्रुवारीत बरं वाटतं आणि मे महिन्यात पोटात गोळा येतो. फेब्रुवारीत द्राक्षांचे कंटेनर न्हावाशेवाहून युरोपला आणि आखातात निघालेले असतात. पैसे परकी चलनात यायचे असतात, त्यामुळे रुपया घसरल्याची बातमी पारावर चवीनं वाचली जाते. मेमध्ये पोरांना सुट्टी लागते, घरात सिंगापूरच्या क्रूझचं माहितीपत्रक येतं आणि तोच डॉलर अंगावर धावून येतो.

१९६६ च्या जूनमध्ये अवमूल्यन झालं, तेव्हा डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसातावर गेला आणि देशभर बोंब उठली. डिसेंबर २०२५ मध्ये त्यानं नव्वदी ओलांडली.

तरीही लोक जातात. तासगावकडचे एक दादा, वहिनी, साताऱ्याची थोरली आक्का आणि तिचे यजमान अशी एक चौकडी डोळ्यांसमोर आणावी. केबिन ठरवताना आक्कानं पहिला तडाखा दिला. "खिडकीला एवढे पैसे? समुद्र वरच्या डेकवर फुकट दिसतोय की!" बिनखिडकीची केबिन सगळ्यात स्वस्त असते, आणि आत पाठ टेकण्याखेरीज काम नसतं.

बॅगा मात्र चौकडीनं आपल्याच पद्धतीनं भरल्या. घरची थालीपिठं, सांगलीचं भडंग, साताऱ्याचे कंदी पेढे, चहासाठी विजेची किटली आणि छोटी इस्त्री. यातलं भडंग तेवढं सहीसलामत आत गेलं, कारण पाकीट कंपनीचं, सीलबंद होतं. घरचं शिजवलेलं बहुतेक जहाजांवर चालत नाही. किटली-इस्त्री आगीच्या भीतीनं तपासणीतच काढून घेतात आणि उतरताना परत देतात. थालीपिठं आणि पेढे रांगेतच संपवले गेले. मागच्या गुजराती कुटुंबाला जहाज सुटायच्या आत साताऱ्याची चव कळली.

खरी मेख पुढेच. तिकिटात जेवण असतं, बुफेवरचं पाणी आणि चहा असतो. पण बाटलीतलं पाणी, बारमधलं सरबत, वायफाय आणि कपडे धुणं यांचा आकडा केबिनच्या खात्यावर डॉलरमध्ये चढत जातो. खिशातून नोट निघत नसल्यामुळे तो चढताना दुखत नाही. वहिनींनी धुलाईचं दरपत्रक वाचलं, एका शर्टाला मनातल्या मनात नव्वदनं गुणलं आणि पदर खोचला. न्हाणीघराच्या भिंतीत एक बटणाएवढी चकती असते. ती ओढली की आतून बारीक दोरी निघते आणि समोरच्या खुंटीला अडकते. चार दिवस त्या दोरीवर दादांचे बनियन पंख्याविना वाळले.

दादांची अडचण वेगळी होती. बागेतल्या गड्याशी रोज बोलल्याशिवाय त्यांना घास उतरत नाही. भर समुद्रात मोबाईल आपसूक जहाजाच्या उपग्रहावाल्या नेटवर्कला चिकटतो, आणि त्याचा दर साध्या रोमिंग पॅकमध्ये बहुधा धरलेला नसतो. भाच्यानं निघतानाच फोन एअरप्लेन मोडवर टाकून दिला होता. पेनांगला जहाज धक्क्याला लागल्यावर दादांनी तो उघडला आणि पहिलं वाक्य टाकलं, "पाणी सोडलंस का रं?"

पेनांगला कंपनीची सहल घ्यायची गरजच नाही. स्वेटनहॅम धक्क्यावरून जॉर्जटाऊन पायी गाठता येतं आणि तिथल्या लिटल इंडियात वडाही मिळतो. फक्त कार्ड ओढताना मशीन विचारतं, रुपयात देणार की रिंगिटमध्ये? आपला माणूस मायेनं रुपया दाबतो आणि तिथेच फसतो, कारण रुपयाचा तो दर दुकानदाराची मशीनवाली मंडळी लावतात. रिंगिट दाबावं. बँकेचं साधं क्रेडिट कार्ड असेल तर परकी व्यवहाराचा अधिभार वर लागतोच, म्हणून फॉरेक्स कार्ड बरं.

एका बाबतीत मात्र काटकसर करू नये. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीनं साध्या केबिनला माणशी रोज साडेअठरा डॉलर टीप लावली. चार माणसं, चार रात्री, २९६ डॉलर. म्हणजे २६ हजार ६४० रुपये. खिडकीवर वाचवलेलं इथे गेलं म्हणून यजमानांचा चेहरा उतरला. पण अशा जहाजांवर गोव्याची कितीतरी पोरं राबतात आणि डॉलर घरी धाडतात. दर वधारला की तीही तासगावकरांसारखीच खूश असावीत.

ज्यांना हा पाढाच नको, त्यांच्यासाठी सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' जहाज सुरू झालं. हिशेब रुपयात, गोव्यापर्यंत पासपोर्टही लागत नाही. सांगली-साताऱ्याकडची मंडळी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सकाळी सीएसएमटीला उतरली की बॅलार्ड पिअर हाकेच्या अंतरावर. गंमत म्हणजे हे जहाज १९९० मध्ये रॉयल कॅरिबियनच्याच ताफ्यात उतरलं होतं.

आक्काला तेही महाग वाटतं. तिच्या मते क्रूझ म्हणजे बामणोली. कोयनेच्या शिवसागर जलाशयातून वासोट्याच्या पायथ्यापर्यंत तास-दीड तास बोट, दोन्ही बाजूंना जंगल. पूर्ण बोट भाड्यानं ठरवली तर माणसं जमवावी लागतात, एवढंच. यंदा हिवाळ्यात दादांनी धक्क्यावरच्या पुण्याच्या ट्रेकर पोरांना गाठलं. "आमच्यासंगं बसा, भाडं वाटून घेऊ." पोरांनी आनंदानं होकार दिला आणि लगेच विचारलं, "काका, वर जेवायला काय आणलंय?"